भावाला सूट नाही: पळणाऱ्या भावांचा सिनेमा आणि आपला सीमाभाग

गुन्हेगाराला आसरा देणे हा गुन्हा आहे, हे इंग्रजांच्या काळापासून आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. भारतीय दंड संहितेत ते कलम २१२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम २४९ झाले. आकडा बदलला, अपवाद तोच राहिला. लपवणारी व्यक्ती आरोपीची बायको असेल, किंवा आरोपी बाई असून लपवणारा तिचा नवरा असेल, तर हे कलम लागत नाही. आई या अपवादात बसत नाही. बाप बसत नाही. भाऊ तर नाहीच.

मित्रहो, चित्रपटावरच्या व्याख्यानाची सुरुवात कलमांनी व्हावी हे थोडे विचित्र आहे. पण पळणाऱ्या भावांचे जे चित्रपट जगात नावाजले गेले, त्यांतले पुष्कळ याच फटीत उभे आहेत. नात्याने भाऊ बायकोइतकाच जवळचा, कधी जास्तच. कायद्याने मात्र तो परका. रात्री दाराशी आलेल्या भावाला आत घ्यायचे की नाही, हे त्या खोलीत झोपलेल्या दुसऱ्या भावाने मिनिटभरात ठरवायचे असते.

'द मोटेल लाइफ' हा २०१२ चा अमेरिकन चित्रपट याच मिनिटापासून सुरू होतो. विली व्लॉटिन या लेखक-गायकाच्या २००६ च्या कादंबरीवरून तो ॲलन आणि गेब्रिएल पोल्स्की या दिग्दर्शकांनी केला. तेही सख्खे भाऊ. जागा नेवाडा राज्यातले रिनो. जुगाराचे गाव, पण कॅमेरा जुगाराच्या झगमगाटात फारसा रमत नाही. तो स्वस्त मोटेलच्या भाड्याच्या खोल्यांत राहतो, जिथे ओल धरलेल्या भिंती आहेत, बाटल्या आहेत आणि सगळे सामान एका पिशवीत मावते. फ्रँक आणि जेरी ली फ्लॅनिगन हे दोघे भाऊ पोरवयातच उघड्यावर पडलेले. जेरी लीचा एक पाय लहानपणी रेल्वेखाली गेला. एका बर्फाच्या रात्री त्याच्या गाडीखाली सायकलवरचा मुलगा सापडून मरतो. तो फ्रँककडे येतो आणि दोघे गाव सोडतात.

खून नाही, दरोडा नाही, अपघात आहे. पदरी वकील असलेला माणूस सकाळी पोलीस ठाण्यात गेला असता, जामीन घेऊन दुपारी घरी जेवला असता. हे दोघे तसे का करत नाहीत, याचे उत्तर चित्रपट एकाही संवादात देत नाही, आणि हेच त्याचे मोठे शहाणपण. खरे सांगितले तरी आपले कुणी ऐकेल, असा अनुभव या दोघांना आयुष्यात कधी आलेलाच नाही. तो अनुभव नसणे एमिल हर्श आणि स्टीफन डॉर्फ यांनी चेहऱ्यांवर वागवले आहे. अपराधाच्या ओझ्याने जेरी ली स्वतःच्याच पायावर गोळी झाडतो, आणि फ्रँक त्याला इस्पितळातून उचलून पुन्हा रस्त्याला लागतो. वाटेत फ्रँक गोष्टी रचून सांगतो, जेरी ली चित्रे काढतो. माइक स्मिथ यांची ती हलती रेखाचित्रे हा चित्रपटाचा सगळ्यात जिवंत भाग. उलट एल्को गावातली प्रेमकथा घाईत उरकली आहे; डकोटा फॅनिंगसारख्या अभिनेत्रीला तिथे पुरेसे कामच नाही.

या चित्रपटाचे मूळ शोधत मागे गेले की इटलीत पोचावे लागते. लुकिनो व्हिस्कोंती यांचा 'रोक्को आणि त्याचे भाऊ' १९६० चा. दक्षिणेतल्या लुकानियातून विधवा आई मुलांना घेऊन मिलानला येते. भाऊ एकूण पाच. सिमोने मुष्टियुद्धात चमकतो, मग घसरतो, शेवटी नादिया नावाच्या बाईचा खून करतो. रक्ताने माखून घरी येतो तेव्हा रोक्को त्याला मिठी मारतो, लपवू पाहतो. पोलिसांना कळवतो तो चिरो. हा चिरो कोण? आल्फा रोमिओच्या कारखान्यात कायम नोकरी लागलेला भाऊ.

व्हिस्कोंतींनी हे सहज केलेले नाही. घरात कायद्यावर विश्वास ठेवू शकणारा एकच आहे, आणि तो महिन्याला पगार घेणारा आहे. गंमत म्हणजे १९३० ची इटालियन दंडसंहिता भावाला वाचवणाऱ्या भावाच्या बाबतीत आपल्यापेक्षा मऊ आहे. जवळच्या नातलगांत ती भावंडेही धरते. त्या संहितेला तिच्या मंत्र्याच्या आडनावावरून 'रोक्को संहिता' म्हणतात. चित्रपटाच्या नावाशी त्याचा संबंध नाही, पण योगायोग सोडवत नाही.

आपल्याकडे 'दीवार' १९७५ साली आला. विजय गोदीत हमाली करून वर चढला आणि गुन्हेगारीत गेला; रवी शिकला, वणवण केली आणि पोलीस खात्यात लागला. विजयची फाइल रवीच्या टेबलावर येते तेव्हा तो आधी मागे सरतो. पाव चोरून पळणाऱ्या पोराच्या पायावर गोळी झाडल्यावर आणि त्या पोराच्या घरी जाऊन आल्यावर त्याचा निर्णय होतो. इथेही पगारदार भाऊच कायद्याच्या बाजूला. १९८९ च्या 'परिंदा'त मुंबईच्या फुटपाथवर वाढलेले किशन आणि करण. थोरल्याने धाकट्याचे पोट भरायला आणि त्याला शिकवायला अण्णाच्या टोळीत पाऊल टाकले. शिकून आलेला करण परततो आणि मोठ्या भावाच्या आयुष्याचा जाब मागतो. मागणारच, जाब मागण्याची ऐपत त्याला भावाच्याच पैशाने आली.

यातून एक निरीक्षण मांडता येते. ज्या भावांमध्ये जमीन आहे ते बांधावरून भांडतात. आपल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठल्याही तालुक्याच्या न्यायालयात वाटणीचे दावे पाहावेत. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव कुणाचे, विहिरीत हिस्सा किती, आंब्याचे झाड कुणाच्या बाजूला. मराठी रंगभूमीने तर हा विषय सिंहासनापर्यंत नेला. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ चे आहे. ज्या भावांपैकी एकाला पगार आहे, तिथे एक कायदा पाळतो आणि दुसरा मोडतो. आणि ज्या दोघांकडे पहाणीही नाही आणि पगारही नाही, ते एकत्र पळतात. त्यांच्यात भांडायला काही नाही. मोटेलच्या खोलीची वाटणी कोण मागणार?

हे निरीक्षण सगळीकडे बसत नाही, हेही खरे. मिलानच्या त्या घरात जमीन नव्हती, तरी भावांनी एकमेकांचे लचके तोडले. शहर ते काम करते. पण रस्त्यावरच्या भावांना ते बऱ्यापैकी लागू पडते, आणि रस्ता हा बीदर-कलबुर्गीच्या मजुरांचा जुना पत्ता आहे.

पुणे, सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद: राष्ट्रीय महामार्ग ६५. या रस्त्याने बीदर जिल्ह्यात किती घरे पोसली हे बसवकल्याणच्या बाजूला ट्रकची कामे चालतात तिथे उभे राहिले की समजते. बॉडी बांधणारे, पाटे बदलणारे, टायरवाले, रंगारी. इथला पोरगा आधी क्लीनर म्हणून गाडीवर चढतो, आणि पुष्कळदा थोरल्या भावाच्याच गाडीवर. परका क्लीनर घ्यायचा तर त्याला भत्ता द्यावा लागतो, शिवाय तो डिझेलवर डोळा ठेवतो. भाऊ जेवणावर येतो. केबिनमध्ये मागची फळी झोपायला, पुढे उदबत्ती, दर्ग्याचा आणि देवाचा फोटो शेजारी शेजारी, सीटखाली स्टोव्ह आणि मिठाची पुडी. थोरला रात्री गाडी चालवतो, धाकटा त्याला झोप लागू नये म्हणून बोलत राहतो. फ्रँक आणि जेरी लीची गोष्ट इथे मांडायला बर्फ लागत नाही.

अशा रात्री गाडीखाली कुणी आले तर? मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे. त्याच वाक्यात पुढे सूट आहे: जमावाच्या संतापामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी गर्दी पाहिलेली होती. मग नव्या न्याय संहितेत कलम १०६ चे दुसरे पोटकलम आले. बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे सरळ होते: थांबलो तर लोक मारतात, पळालो तर दहा वर्षे. सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, आणि जुलैमध्ये संहिता लागू करताना तेवढे पोटकलम बाजूला ठेवले.

मेलेल्याच्या घराचे काय, हा प्रश्न ट्रकवाल्यांच्या बाजूने बोलताना विसरता कामा नये. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. आधी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. 'मोटेल लाइफ' या बाजूकडे वळतो तो जेरी लीच्या मनातून. गेलेल्या मुलाचे घर त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिथे चित्रपट पळणाऱ्यांची वकिली थांबवतो.

आता गुन्ह्याशिवायचे पळणे. या भागात तेच जास्त.

दसरा झाला की औराद, कमलनगरच्या बाजूला तांड्यांवर आणि वस्त्यांवर ऊसतोडीची टोळी भरते. ट्रक किंवा ट्रॅक्टर दारात येतो. आधी जळण चढते, मग पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, ज्वारीची पोती, ताडपत्री, पाण्याची घागर, दोन कोंबड्या पाय बांधून, बाजेला उलटी दोरी, वर पोरे. म्हातारी माणसे आणि शाळेतली एखादी मुलगी मागे राहते, तीही राहिलीच तर. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती आजारपणात, लग्नात, आधीच्या देण्यात गेलेली असते. कोयता म्हणजे दोघे: बहुतेक वेळा नवरा-बायको, कधी बाप-लेक, कधी भाऊ-भाऊ. एकजण तोडतो, दुसरा मोळी बांधतो. एक दिवस पडून राहिले तर खाडा लागतो आणि तो उचलीत मिळवला जातो. मार्चअखेर पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा हिशेब होतो, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाचा शब्द घेतला जातो.

या टोळीतून रात्री पळून जाणारे असतात. त्यांनी काही चोरलेले नसते, स्वतःला मात्र चोरून नेलेले असते. मुकादम गावी येतो, भावाला धरतो, जामीन राहिलेल्या सोयऱ्याला धरतो. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे आणि त्यानुसार असले कर्ज आपोआप रद्द व्हायला हवे. पण ते वेठबिगारीचे कर्ज आहे हे आधी सरकारी कचेरीत मान्य व्हायला हवे. एकाने उचल घ्यायची आणि दुसऱ्याने ती फेडायची, या रीतीवर एखादा व्हिस्कोंती इथे चित्रपट करू शकला असता.

तसा तो साहित्यात झाला आहे. लक्ष्मण गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे, म्हणजे या सीमाभागाला लागूनच्या जिल्ह्यातले. त्यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः चोर ठरवले. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला, पण ठाण्याच्या डोक्यातून गेला नाही. 'उचल्या'तल्या तशाच एका घरात कुणी चोरीवर जगतो, धाकटा शाळेत जातो, मोठा होऊन सूतगिरणीत कामगार होतो आणि संघटना बांधतो. रात्री पोलीस येतात ते चोराला शोधायला नव्हे, घर शोधायला. घरात सापडेल तो चोर. अशा घरात भावाला लपवणे वेगळे करावे लागत नाही. सगळ्यांनाच लपावे लागते.

आणखी एक पळणे आहे ज्याबद्दल इथे मोठ्याने बोलत नाहीत. रझाकारांच्या धाकाने १९४७-४८ मध्ये निजामाच्या मुलखातली कुटुंबे सोलापूर, बार्शी, अक्कलकोटकडे गेली. सरहद्द ओलांडली की सुटलो, अशी ती वाट होती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राज्यावर भारताची पोलीस कारवाई झाली आणि लोंढा उलटा फिरला. आता मुसलमान कुटुंबे जीव घेऊन निघाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्या हिंसाचारात २७ ते ४० हजार माणसे गेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वांत होरपळलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे लिहिली. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्हाच वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरमध्ये. आजही भालकीची सोयरीक उदगीरला होते आणि लग्नपत्रिका मराठीत छापली जाते.

मराठी सिनेमाने भावांच्या आणि पळण्याच्या या विषयाला हात लावला तो दोनदा तरी जोरात. भाऊराव कऱ्हाडे यांनी स्वतःची शेतजमीन विकून 'ख्वाडा' केला; राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळवून २०१५ मध्ये तो पडद्यावर आला. जमीन विकून केलेला चित्रपट जमीन गेलेल्या माणसांचा आहे. शशांक शेंडेंचा रघू धनगर, ज्याची जमीन वनखात्याकडे गेली आहे आणि दावा चालू आहे. मेंढरे, कुत्री, बिऱ्हाड आणि दोन मुले घेऊन तो चालतो. थोरला संसारी, धाकट्या बाळूच्या डोक्यात लग्न आणि कुस्ती. गावोगावचे दांडगे त्यांना हुसकतात आणि बाप मान खाली घालतो. बाळू शेवटी हात उचलतो. भावाभावांत फूट पडत नाही, कारण कळप एकट्याने हाकता येत नाही. चित्रपटाची लय मेंढरांची आहे. ती संथ वाटणाऱ्यांनी एकदा मेंढपाळाबरोबर एक मुक्काम करून पाहावा.

'सैराट'मध्ये (२०१६) पळणारे भाऊ नाहीत, पाठलाग करणारा भाऊ आहे. घरातून पळालेले परश्या आणि आर्ची हे प्रेमी हैदराबादला जातात. आपल्या भागातल्या मजुराची तीच वाट. झोपडपट्टीत राहतात, डोसे भाजतात, बाटल्या भरतात. ऊस, सत्ता आणि गाड्या असलेल्या घरातला आर्चीचा भाऊ आईने पाठवलेली भेट घेऊन दारात येतो. पळणारे मिळेल त्या गाडीने गेले, मारणारे स्वतःच्या गाडीने आले. जमीनवाल्या घरातले भावाचे नाते कुठवर जाते, हे नागराज मंजुळे यांनी पार्श्वसंगीत बंद करून दाखवले.

मग आले २०२०. कोरोनाने देशातला पहिला मृत्यू कलबुर्गीचा. शहात्तर वर्षांचे गृहस्थ, १० मार्च. २५ मार्चपासून सगळे बंद. मुंबई-पुण्याच्या नाक्यांवर बिगारी करणारे कलबुर्गीचे मजूर निघाले, आणि १८ मे रोजी कर्नाटक सरकारने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. आपल्याच जिल्ह्याच्या वेशीवर माणसे अडली. गुन्हा नव्हता, पाठलाग नव्हता, तरी शेतातून आडवाटेने घरी शिरावे लागले, आणि शिरलेल्याला घरात घेणाऱ्या भावावर शेजाऱ्यांचा डोळा होता.

त्या दिवसांवरचा सर्वांत नेटका चित्रपट कन्नडमध्ये झाला आहे. उत्सव गोनवार यांचा 'फोटो' मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांत लागला. तो लोकांपर्यंत आणायला प्रकाश राज पुढे आले. रायचूरकडचा दुर्ग्या हा मुलगा विधानसौधासमोर फोटो काढायचे वेड घेऊन बेंगळुरूत बांधकामावर असलेल्या बापाकडे जातो, टाळेबंदी होते आणि बापलेक चालत गावाकडे निघतात. नट बहुतेक रंगभूमीवरचे, बोली रायचूरची, बेंगळुरूच्या प्रेक्षकालाही कान द्यायला लावणारी.

औरादच्या दोन भावांचा चित्रपट करायचा झाला तर बोलीचा प्रश्न याहून अवघड होईल. घरात ते मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकले, गाडीवर आणि बाजारात दखनी चालते, हैदराबादच्या साइटवर मेस्त्री तेलुगूत शिव्या देतो, आणि पोलीस ठाण्यात जबाब कुठल्या भाषेत लिहिला गेला हे सही करणाऱ्यालाच कळलेले नसते. संवादलेखक एकाला तीन लागतील. चित्रपट कुठल्या भाषेच्या रकान्यात भरायचा, बेंगळुरूचे अनुदान मागायचे की मुंबईचे, हे निर्माता पहिल्याच बैठकीत विचारेल.